दहापैकी दहा

घंटा वाजली आणि शोरूममधल्या सगळ्यांनी हातातली कामं टाकून टाळ्या वाजवल्या. आमच्या ह्यांनीही वाजवल्या.

"अहो, तुम्ही कशाला?" मी त्यांचा हात खाली ओढला.

"अगं, कुणीतरी नवीन गाडी घेतलीय. आनंदाचीच गोष्ट आहे ना?"

आता या माणसाला काय म्हणायचं, सांगा. सकाळपासून आम्ही त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होतो. "पाच मिनिटं हं," असं काउंटरवरची मुलगी प्रत्येक वेळी इतक्या गोड आवाजात सांगत होती की भांडायचीसुद्धा चोरी. गाडी विकत घ्यायला येणाऱ्यांसाठी पलीकडे गुबगुबीत कोच होते आणि थंडगार कॉफी होती. गाडी बिघडली म्हणून येणाऱ्यांसाठी या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाण्याचा कूलर. पाणी प्यायला पेला मागितला तर मुलगी म्हणाली, "संपलेत, मागवलेत." या दुकानात प्रत्येक गोष्ट मागवलेलीच असते.

दारापाशी पितळी घंटा टांगलेली आहे. गाडी विकली की नवा मालक ती वाजवतो आणि सगळे टाळ्या पिटतात. आमचीही वाजली होती. त्याचा पुरावा आमच्या डोक्यावरच लटकत होता. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं 'आमचे समाधानी ग्राहक', आणि त्याखाली ओळीने लावलेल्या फोटोंत मधोमध आमचे हे. हातात बॅटीएवढी पुठ्ठ्याची किल्ली, मागे पांढरी शुभ्र गाडी, आणि चेहऱ्यावर असं हसू की मी लग्नातही पाहिलं नव्हतं. त्या फोटोखालीच ते बसले होते, मान खाली घालून, हातात रुमाल चोळत. येणारे-जाणारे फोटोकडे बघत होते. खालच्या माणसाकडे एकानेही पाहिलं नाही.

आमचे हे आजारी माणसांची ने-आण करतात. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांचं रक्त एक दिवसाआड मशीनवर साफ करून घ्यावं लागतं. अशा लोकांना घरून उचलायचं, डायलिसिसच्या सेंटरवर सोडायचं, चार तास तिथेच थांबायचं आणि परत घरी आणायचं. बाकीचे ड्रायव्हर पेशंट सोडून मधल्या वेळात दुसरं भाडं मारतात. हे तिथेच बाकावर बसून राहतात. "कुणाला मध्येच काही झालं तर?" म्हणे. अशाने माणूस श्रीमंत होत नाही. पण त्यांच्या गाडीत बसायला लोक महिनोन् महिने वाट बघतात हेही खरं.

त्यात एक पोस्टाच्या बाई होत्या. त्यांची सबंध नोकरी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर गेली. साखरेने त्यांचा एक पाय गुडघ्याखाली घेतला, मग दोन्ही किडन्या घेतल्या. जीभ मात्र जागच्या जागी होती. तळमजल्यावर एकट्या राहायच्या. चाकांची खुर्ची घरात भिंगरीसारखी फिरवायच्या, आपला चहा आपण करायच्या, पण दारात गाडी आली की सगळी मिजास संपायची. आमची जुनी गाडी उंच. ह्यांनी पाठीखाली एक हात घालायचा, गुडघ्याखाली दुसरा, आणि त्यांना उचलून आत ठेवायचं. बाई डोळे मिटून घ्यायच्या.

एकदा मला म्हणाल्या, "अगं, जन्मभर मी पार्सलं उचलली. आता मीच पार्सल झाले. बरं, पार्सलावर निदान 'सांभाळून हाताळा' असा शिक्का तरी मारता येतो."

मी हसले. हे हसले नाहीत. घरी आल्यावर जेवताना एकदम म्हणाले, "नवी गाडी घेऊ या. मागून फळी उतरते तसली."

आमची सगळी पुंजी त्या गाडीत गेली, ते पुराण सांगत बसत नाही. ज्याची त्याला माहीत असतात असली पुराणं. गाडी मात्र होतीच तशी. बटण दाबलं की मागचं दार वर जायचं, आत उभी असलेली लोखंडी फळी सावकाश रस्त्यावर उतरायची, आणि खुर्ची सरळ आत. त्या फळीला ते लोक रॅम्प म्हणतात. आम्हाला ती दाखवणारा विक्रीवाला पोरगा एवढा लाघवी, की पहिल्याच दिवशी मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. "काका, पाणी घ्या. काकू, इकडे पंख्याखाली बसा. काका, तुम्ही लोकांची सेवा करता, मला तुमच्या पाया पडावंसं वाटतं." पडलासुद्धा मेला.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी रॅम्प उतरताना मध्येच अडला. गोडबोल्याने बुटाने एक धक्का दिला, तो उतरला.

"नवीन आहे ना काका. सवय होईल तिला."

"गाडीला सवय होते होय?" मी विचारलं.

"काकू फार विनोदी आहेत," गोडबोल्या म्हणाला आणि त्याने ह्यांना हळूच बाजूला घेतलं. मी काही बहिरी नाही, मला सगळं ऐकू आलं. "काका, दोन दिवसांत कंपनीतून फोन येईल. समाधानी आहात का विचारतील. दहापैकी मार्क द्यायचे असतात. काका, दहाच सांगा. आमच्याकडे नऊ म्हणजे नापास. तीनदा नापास झालो की घरी. माझ्या आईचं तुम्हाला माहीतच आहे."

त्याच्या आईचं आम्हाला काहीही माहीत नव्हतं. पण ह्यांनी मान डोलावली. फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. हे ओट्याशी उभं राहून कौतुकाने बोलत होते. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अहो, रॅम्प अडतो ते सांगायचं होतं ना."

"अगं, पोरगं हातापाया पडत होतं. आपलं काय जातंय?"

आपलं काय जातंय! हे वाक्य या माणसाच्या कपाळावर कोरायला हवं.

पण पहिल्या दिवसाचं मी खोटं सांगणार नाही. त्या दिवशी मी काम करते त्या औषधांच्या दुकानातून रजा घेऊन मुद्दाम बाईंच्या दारात गेले होते. हे फळी उतरवून खुर्ची ढकलायला गेले, तर बाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली. "हात लावायचा नाही." मग त्यांनी दोन्ही चाकांना पकडलं, दात आवळले आणि एकेक ढकल देत वर चढल्या. आत गेल्यावर गिरकी घेऊन आमच्याकडे तोंड केलं. कपाळावर घाम, अंबाडा सुटलेला.

"या की आता तुम्ही," असं त्या म्हणाल्या, जसं काही त्यांच्याच घरी आम्ही पाहुणे आलो होतो.

ह्यांनी तोंड फिरवून आरसा पुसायला घेतला. आरसा स्वच्छच होता.

महिना सव्वा महिना ही चैन चालली. मग एका सकाळी रॅम्प जो रुसला तो रुसलाच. खालीही येईना, बाजूलाही होईना. आतल्या आत उभा राहून मागचं दारच त्याने अडवून टाकलं. हे त्याच दिवशी शोरूमला गेले. "पार्ट बदलावा लागेल. वरून यायचाय. आठवडाभर." आठवड्याने गेले. "निघालाय." पुढच्या आठवड्यात, "वाटेत आहे." मी म्हटलं, चालत येतोय का तो? ह्यांना वाटायचं, आपल्यासारखीच त्यांचीही धावपळ चालली असेल. दरवेळी येताना गोडबोल्याला भेटायला जायचे. पहिल्यांदा तो "काका!" म्हणून धावत आला. दुसऱ्यांदा "काका, सर्व्हिसचं माझ्याकडे नसतं" म्हणाला. तिसऱ्यांदा मी बरोबर होते. आम्हाला पाहिल्याबरोबर त्याने फोन कानाला लावला आणि "हो सर, येस सर" करत काचेच्या दारातून पसार झाला. फोनच्या पडद्यावर क्रिकेटची मॅच चालू होती, मला काचेतून दिसत होती.

गरज सरो, वैद्य मरो. दुसरं काय.

ह्यांनी स्वतः खटपट करून बघावं तर तीही सोय नव्हती. सर्व्हिसच्या साहेबांनी बजावलं होतं, "बाहेरच्या कुणाचा हात लागला तर वॉरंटी संपली. मग आम्ही जबाबदार नाही." म्हणजे तुम्ही करायचं नाही आणि दुसऱ्याला करू द्यायचं नाही. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहते. चुकून कमी ताकदीची गोळी दिली गेली तर चपला घालायचीही शुद्ध न ठेवता गिऱ्हाइकामागे कोपऱ्यापर्यंत पळत गेलेली आहे मी. आणि हे लोक टायची गाठ सारखी करत म्हणतात, जबाबदार नाही!

तोवर बाई पुन्हा पार्सल झाल्या. बाजूच्या दारातून, पाठीखाली एक हात, गुडघ्याखाली दुसरा. ह्यांची कंबर आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. रोज संध्याकाळी मी मलम चोळत होते आणि ते भिंतीकडे तोंड करून "काही नाही गं, जरा भरून आलीय" म्हणत होते.

आणि मग तो दिवस आला. बाईंना उचलून आत ठेवताना ह्यांच्या कमरेत उसण भरली. ते तसेच अर्धवट वाकून अडकले, बाई हातात. रस्त्यावरचे दोघे-तिघे मदतीला धावले, भले लोक असतील, पण विचारायची पद्धत? एकाने बाईंना काखेतून धरलं, दुसऱ्याने पायाकडून. ओढाताणीत साडी वर गेली. तुटलेला पाय, त्यावरची ती शिवण, सगळं उघड्यावर. समोर शाळेची रिक्षा थांबली होती. आतलं एक मूल मोठ्याने ओरडलं, "पाय कुठाय?"

वाटेत बाईंनी साडीचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. ह्यांनी तीनदा माफी मागितली. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "तुमचं काही चुकलेलं नाही. गाडी चालवा."

त्यापुढच्या मशीनच्या वाराला हे गेले तर दार बंद. आतून आवाज आला, "आज बरं वाटत नाही." पुन्हा गेले. "पाहुणे यायचेत." त्यांच्याकडे कोण पाहुणे यायचे होते! ह्यांनी मला पाठवलं. बाईंनी दार उघडलं. तोंड सुजलेलं, डोळ्यांच्या फटी झालेल्या, बोटं फुगून अंगठी मांसात रुतलेली. पाणी अंगात साठत चाललं होतं.

"बाई, हे काय चालवलंय? असं मशीन चुकवलं तर..."

"तर काय ते मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "अगं, मी मरायला भीत नाही आणि मला मरायचंही नाही. पण त्या रस्त्यावर मला परत कुणी उचलायचं नाही. फळी दुरुस्त झाली की सांग. मी आपली आपण येईन."

"आणि नाही झाली तर?"

बाई चहाचं आधण ठेवायला वळल्या.

म्हणून आम्ही त्या सकाळी तिथे बसलो होतो. आज पार्ट घेतल्याशिवाय उठायचं नाही, अशी मी ह्यांना तंबी दिली होती. दुपार होत आली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने बोट दाखवलं आणि आम्ही सर्व्हिसच्या साहेबांच्या काचेच्या खोलीत गेलो. चष्मा कपाळावर चढवलेला, समोर कॉम्प्युटर. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही.

"साहेब, एका पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे हो," ह्यांनी हात जोडले. मला ते जोडलेले हात बघवले नाहीत. त्यांनी बाईंचं सगळं सांगितलं. सूज आलीय, मशीनवर यायला तयार नाहीत, फळी एवढीच त्यांची अट आहे. साहेबांनी सगळं ऐकताना माउस फिरवला, कळ दाबली, पुन्हा फिरवला.

"काका, तुमची तक्रार दिसतच नाही इथे."

"अहो, मी दर आठवड्याला येतोय."

"येत असाल. पण तुम्ही समाधानी आहात."

"मी?"

साहेबांनी पडदा आमच्याकडे वळवला. ह्यांच्या नावापुढे एक हिरवा ठिपका होता. "हिरवा म्हणजे समाधानी. थांबा, तुमचं बोलणंच ऐकवतो. सगळे फोन रेकॉर्ड होतात."

आणि त्या थंडगार खोलीत आमच्या ह्यांचा आवाज घुमला. मागे माझी कढई खडखडत होती, फोडणी चुरचुरत होती. "सगळं झकास आहे हो ताई. पोरगा तर तुमचा इतका गुणी आहे. त्याला जपा. मार्क? दहापैकी दहा. अकरा देता येत असतील तर अकरा लिहा."

बाहेरच्या टेबलावर बसलेला एकजण फिसकन हसला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज नाही वाटत?" मी म्हटलं. "भल्या माणसाने तुमच्या पोराची नोकरी राखायला चार शब्द चांगले सांगितले, आणि तुम्ही तेच त्याच्या थोबाडावर मारता? तेव्हा गाडी दोन दिवसांची होती! आज ती दारात मोडून उभी आहे, खाली येऊन डोळ्यांनी बघा की!"

"मॅडम, आवाज वाढवू नका. मी प्रोसेस सांगतोय."

"तुमच्या प्रोसेसला..."

"थांब," हे मला म्हणाले. मग साहेबांना म्हणाले, "परत लावा."

"काय?"

"ते बोलणं. परत एकदा लावा."

साहेबांनी लावलं. ह्यांनी खाली बघत पूर्ण ऐकलं. अकरा लिहा इथपर्यंत. मग विचारलं, "पार्ट कधी येणार, हे एवढं खरं सांगा."

साहेबांनी चष्मा कपाळावरून काढून पुसला. "खरं सांगायचं तर काका, तो मागवलेलाच नाही. हिरव्या गिऱ्हाइकाच्या नावावर सिस्टिम पार्ट मागवू देत नाही. लाल असाल तरच मागणी पुढे जाते."

"आणि निघालाय, वाटेत आहे?"

"ते काउंटरवर सांगतात. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून."

"मग आता लाल करा मला."

"एकदा दिलेले मार्क बदलता येत नाहीत."

"मी दिलेत. माझे आहेत. मी परत घेतो."

"तसा पर्यायच नाहीये काका." आणि मग जणू फार मोठी कृपा करत असल्यासारखं ते म्हणाले, "आमच्या कुठल्याच गिऱ्हाइकाने अजून अकरा द्यायची भाषा केलेली नाही. तुमचा फोटो उगाच नाही लावला मधोमध."

हे खोलीबाहेर पडले. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस गाडीत बसून गुपचूप घरी जाणार आणि मला रात्रभर मनातल्या मनात शिव्या मोजाव्या लागणार. पण ते भिंतीपाशी गेले. आम्ही बसलो होतो तीच प्लास्टिकची खुर्ची ओढली, चपला काढल्या, कमरेला हात लावून सावकाश वर चढले, आणि स्वतःचा फोटो खिळ्यावरून उतरवला.

सगळं शोरूम थबकलं. काउंटरवरची ती मुलगी पाच मिनिटं न लावता धावत आली. "काका, तसं काढता येत नाही! ती कंपनीची मालमत्ता आहे!"

"फ्रेम तुमची असेल," हे म्हणाले. "तोंड माझं आहे."

खाली उतरून त्यांनी फ्रेमच्या मागचे खिळे वाकवले, फोटो काढून घेतला आणि रिकामी फ्रेम काच न फोडता त्या मुलीच्या हातात दिली. मी असते तर आपटली असती. मग चपला घातल्या आणि खुर्चीवर उठलेले पायाचे ठसे रुमालाने पुसले. हेही तेच करू जाणोत.

गोडबोल्या पार्किंगमध्ये आमच्यामागे पळत आला. त्या दिवशी त्याला कुठलाही फोन आलेला नव्हता. चेहरा पडलेला.

"काका, रागावू नका. मला ते लाल-हिरव्याचं खरंच माहीत नव्हतं. पण तुम्ही दहा दिले नसते ना, तर मला काढलं असतं."

"माहीत होतं मला," हे म्हणाले. "म्हणूनच दिले ना, बाळा."

पोरगा तिथेच उभा राहिला. त्याला रडू आलं की काय ते मी बघितलं नाही. मला बघायचंही नव्हतं.

हे घराकडे वळलेच नाहीत. गाडी सरळ वेल्डरच्या दारात नेली. "हा रॅम्प कापून टाक," म्हणाले. वेल्डरने आत डोकावून पाहिलं, गाडीवरून हात फिरवला. "नवी कोरी आहे हो. कंपनीचा माल आहे, वॉरंटी जाईल."

"जाऊ दे."

ठिणग्या उडायला लागल्या तेव्हा हे पाठ फिरवून उभे राहिले. रोज सकाळी अंघोळीआधी या माणसाने ती गाडी पुसली होती. नवीन गाडीचा तो वास जाऊ नये म्हणून आत डबा उघडू द्यायचे नाहीत मला. लोखंड जमिनीवर पडल्याचा आवाज झाला तेव्हा त्यांनी एकदा डोळे मिटले, बस. मग सुताराकडून जाड लाकडी फळी आणली, चाक घसरू नये म्हणून तिच्यावर जुन्या पायपोसाचं रबर ठोकलं, आणि गाडीच्या कडेला अडकवायला दोन आकडे करून घेतले. कापलेल्या जागेचं पत्र्याचं तोंड वेडंवाकडं राहिलं. त्यावर त्यांनी चिंधी गुंडाळली, बाईंचा हात लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंही बाईंच्या दारात गेलो.

"बाई, गाडी आणलीय," ह्यांनी बाहेरूनच सांगितलं. "उचलायचं नाही कुणी."

बऱ्याच वेळाने कडी वाजली. बाई खुर्चीवरून दाराबाहेर आल्या. आदल्या खेपेपेक्षाही सुजल्या होत्या, श्वास तोंडाने घेत होत्या. पण साडी इस्त्रीची होती आणि अंबाडा घट्ट बांधलेला. त्यांनी गाडीची मागची बाजू पाहिली. लाकडी फळी, चिंधी, कापल्याच्या काळ्या खुणा.

"नवी गाडी कापलीत?"

"जुनी झाली होती ती," हे म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. फळीशी खुर्ची लावली, दोन्ही चाकांना हात घातला आणि जोर केला.

नेमका तेव्हाच ह्यांचा फोन वाजला. तो माझ्या पिशवीत होता. मी घेतला. एक मुलगी साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाली, "नमस्कार. आपली तक्रार समाधानकारक रीतीने बंद करण्यात आली आहे."

"बंद? काल तर ती दिसतच नव्हती तुम्हाला. कुणी केली?"

"शोरूमने कळवलंय की तुम्ही काम बाहेरून करून घेतलं."

गाडी बघायलाही कुणी आलं नव्हतं, पण वेल्डरकडची खबर त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. सुंठीवाचून खोकला गेला त्यांचा. हिरवा माणूस हिरवाच राहिला.

"तर मॅडम, शून्य ते दहापैकी किती मार्क द्याल?"

मी तोंड उघडलं. रात्रभर साठवलेलं सगळं जिभेवर आलं होतं. पण फळीवरून बाईंनी ऐकलं. त्या मध्यावर पोचल्या होत्या आणि थांबल्या होत्या. पहिल्या वेळी एका दमात चढल्या होत्या त्या, पण ते चुकवलेले वार आता कुठे भरून निघणार होते?

"काय विचारतेय ती?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"मार्क विचारतेय. ह्यांनी दहापैकी दहा दिले होते ना, त्या शोरूमकडून."

"तिला म्हणावं, आमच्या पोस्टात चुकीच्या पत्त्यावर गेलेला माल परत यायचा. ह्यांचे ते दहा परत पाठवा म्हणावं. तेही चुकीच्याच पत्त्यावर गेलेत."

मी तसंच्या तसं सांगितलं. मुलगी म्हणाली, "सॉरी मॅडम, तसा पर्याय नाही. फक्त आकडा सांगा."

खुर्ची बोटभर मागे घसरली. मी फोन धरलेला हात तसाच पुढे केला. हे मागे उभेच होते, दोन्ही पंजे पसरून, खुर्चीच्या पाठीपासून वीतभर अंतरावर. त्यांचे हात पुढे गेले आणि जागच्या जागी थांबले.

"ढकलू नका," बाई म्हणाल्या.

"नाही ढकलत."

"मी चढतेय."

"चढा. मला घाई नाही."

रस्ता अरुंद. आमच्यामागे गाड्यांची रांग लागली होती. पहिल्या गाडीने एकदा हॉर्न दिला, मग दोनदा, मग दुसरीनेही द्यायला सुरुवात केली. कुणीतरी काच खाली करून ओरडलं, "अहो, उचलून ठेवा की त्यांना!"

"मॅडम? हॅलो? किती देताय?" फोनमधली मुलगी विचारत होती.

"थांब," मी म्हटलं. "बाई चढताहेत."

बाईंनी पुन्हा चाकांना हात घातला. मागे कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. हे हलले नाहीत.